नाव बदललेले आहे

बेलापूरच्या ऑफिसात, सातव्या मजल्यावर,
फाईल क्रमांक सोळा माझ्या टेबलावर येऊन पडली.
विषय: क्षेत्रीय कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे मूल्यमापन.
मुदत: शुक्रवार.
आत तीस कर्मचारी, तीन दिवस, सहा सत्रं
आणि शेवटी एकच प्रश्न: प्रशिक्षण कसे वाटले?
एक ते पाच.
सव्वीस जणांनी पाच दिले आहेत.
जेवण बरं असलं की पाच देतात.
माझ्या वेळी मीही दिले होते,
श्रीखंड होतं.

परीक्षेत पहिली मृण्मयी, तीसपैकी एकोणतीस.
शेवटचा प्रणित भोईर, अकरा.
'लोकसहभाग म्हणजे काय' याखाली त्याने लिहिलंय:
आधी पडवीत बसायचं. पाणी दिलं तर प्यायचं.
विषय त्यांनी काढायचा.
त्यावर लाल पेनाची फुली, कागद फाटेल इतकी.

फाईलच्या पोटात चार यशोगाथा.
तिसरी मी दोनदा वाचली.
'कमल (नाव बदललेले आहे) पूर्वी चारचौघांत बोलू शकत नव्हती.
प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या मार्गदर्शनामुळे
आज ती पाणी समितीची अध्यक्ष आहे.'
खाली फोटो. डोक्यावर लखलखीत स्टीलचा हंडा.

गुरुवारी शहापूर. तिथून पुढे खर्डीच्या बाजूला
प्रणितच्या मोटरसायकलवर, मागे.
खोरपाड्याच्या तोंडाशी चार कुत्री पडली होती.
एकानेही मान वर केली नाही.
हे मी वहीत लिहिलं, मग खोडलं.
निर्देशकांच्या तक्त्यात कुत्र्यांना रकाना नाही.

कमल म्हणजे बुधी आगिवले.
तिने छापील कागद उलटा धरला,
फोटो दिसला तसा सुलटा केला.
"ह्यो हंडा माजा नाय. नणंदेचा हाय.
माजा पिलाष्टिकचा व्हता,
फोटोवाला म्हणला, चमकत नाय."

मग मी गोष्ट मोठ्याने वाचून दाखवली.
ती चुलीतली लाकडं मागे ओढत ऐकत राहिली.
'बोलू शकत नव्हती' इथे सुनेने पदर तोंडात कोंबला.

"कमल कोन?"
"तूच. ते गोपनीयतेसाठी..."
सारवलेल्या पडवीत बूट घालून यावं
तसा तो शब्द तिथे आला आणि उभाच राहिला.

"मी काय चोरी केली व्हती?
पंपाची दांडी मोडली तवा तालुक्याला गेले, तीनदा.
तुमचं शिबीर फुडल्या साली.
ह्यो पोरगा तवा नवा व्हता,
अर्ज कुनाच्या टेबलावर ठेवायचा त्ये मी दावलं."

प्रणित वाकून बुटाची नाडी बांधू लागला.
पायांत चपला होत्या.

"मग खरं नाव लिहू?"
"लिवा. बुधी. बुधवारी जल्मले. आगिवले बी लिवा."

शुक्रवार. तक्त्यात दोन रकाने,
प्रशिक्षणापूर्वी आणि प्रशिक्षणानंतर,
आणि एक निळा बाण, आमच्याकडून त्यांच्याकडे.
संगणकावर बाण फिरवता येतो, कोपरा धरून.
मी फिरवला.
बघत बसले.
साहेबांचा फोन आला, पुन्हा होता तसा केला.
"बाकी ठीक आहे ना? यशोगाथा तेवढ्या तपासा,
निधी देणारे त्याच वाचतात."

सहाला साफसफाईची बाई खोलीतले दिवे घालवू लागली,
म्हटलं, पाच मिनिटं.
प्रणितचे अकरा अकराच राहिले,
गुण बदलायचा अधिकार मला नाही.
शिफारशींना दोनशे शब्दांची मर्यादा,
त्यातले एकशे नव्वद गेल्या वर्षीच्या अहवालातून उचलले.
कंस मात्र खोडला.
कमल खोडलं.
फोटोखाली बारीक अक्षरात टाकलं:
बुधी आगिवले, खोरपाडा.
हंडा नणंदेचा.